ने-आणीची डिस्क

ओळखीपाळखीत कुणाला कॉम्प्युटरचं काही घ्यायचं असलं की मला फोन येतो. मी त्यातला इंजिनिअर वगैरे नाही. पण पंचवीसेक वर्षं या खोक्यांशी झटापट चालू आहे आणि फुकट सल्ला द्यायची खोड आहे. मुलुंडात तेवढं भांडवल पुरतं. हल्ली महिन्यातून एकदा तरी येणारा प्रश्न म्हणजे, "एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यायचीय, एक टीबी घेऊ की दोन? आणि कंपनी कुठली बघू?"

मी उलट विचारतो, "उघडणार कुठे?"

समोरचा गोंधळतो. "म्हणजे काय, लॅपटॉपवर!" अहो, पण कुणाच्या? स्वतःच्या लॅपटॉपवरून स्वतःच्याच लॅपटॉपवर न्यायचं असतं तर डिस्क कशाला लागली असती? ने-आणीची डिस्क आपण आपल्या पैशांनी घेतो, आपल्या कपाटात ठेवतो, पण तिचं खरं काम दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या मशीनवर असतं. म्हणून ती निवडताना, आणि त्याहूनही फॉर्मॅट करताना, आपली सोय बघायची नाही, त्या दुसऱ्याची बघायची, असं माझं ठाम मत आहे. टीबी आणि कंपनी नंतर.

आता "दुसरा" म्हणजे कोण, तर आमच्याच घरचं सांगतो. ताई बोरिवलीला, तिच्याकडे विंडोजचा लॅपटॉप. भाचा अंधेरीत एडिटिंगचं काम करतो, तो मॅकवर. मी मुलुंडला, बहुतेक वेळ लिनक्सवर (हौस!). आईच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्यांच्या कॅसेटी आणि भाच्याच्या मुंजीच्या मिनी-डीव्ही टेपा मी मध्यंतरी बसून कॉम्प्युटरवर घेतल्या. आई आता नाही. त्यामुळे त्या फाइली तिघांनाही हव्यात, आणि तिघांच्या मशीनच्या तीन तऱ्हा. डिस्क सॅकमध्ये टाकायची, मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरी, पुढे लोकलने बोरिवली. ही मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. त्याआधी दादरला उतरून गर्दीतून पूल ओलांडणं आलं.

"मामा, कशाला हमाली करतोस? अपलोड कर आणि लिंक पाठव," हे भाच्याचं ठरलेलं वाक्य. त्याला एकदा कागदावर हिशेब मांडून दाखवला. दोन टीबी माल, अपलोडचा वेग सेकंदाला १०० मेगाबिट, आणि तो एक क्षणही कमी झाला नाही असं धरलं तरी सुमारे ४४ तास लागतात. मी दारातून निघून त्याच्या दारात दीड तासात पोचतो. म्हणजे माझ्या सॅकचा वेग सेकंदाला साधारण तीन गिगाबिट झाला! यात हसण्यासारखं काही नाही. कृष्णविवराचं ते पहिलं छायाचित्र एप्रिल २०१९ मध्ये जगाने पाहिलं. त्याची निरीक्षणं एप्रिल २०१७ मधली. जगभरच्या दुर्बिणींवरचा तो डेटा इंटरनेटवरून पाठवण्याच्या पलीकडचा होता, म्हणून डिस्का विमानाने पाठवल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्का तर तिथला हिवाळा सरून विमान येईपर्यंत अडकून पडल्या आणि २०१७ च्या डिसेंबरात हाती आल्या. तिथे ती तऱ्हा, तर मी घाटकोपरला गाडी बदलली तर काय बिघडलं?

आणि अंधेरीला डिस्क नेण्यात मला एक वेगळी गंमत वाटते. तिथल्या सीप्झमध्ये, म्हणजे १९७३ साली निर्यातीसाठी उभारलेल्या त्या औद्योगिक वसाहतीत, १९८० च्या दशकात टंडन यांच्या कंपन्यांचं डिस्क ड्राइव्हच्या भागांचं काम चाले. हे टंडन म्हणजे ज्यांच्या अमेरिकेतल्या कंपनीचे फ्लॉपी ड्राइव्ह १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत बसवलेले होते. त्यांचा हार्ड डिस्कचा धंदा १९८८ मध्ये वेस्टर्न डिजिटलने घेतला. म्हणजे आज आपण बाहेरून आलेली वस्तू म्हणून जी खोकी फोडतो, तिच्या पूर्वजांचं थोडं माहेर अंधेरीत आहे. असो. विषयावर येतो.

फॉर्मॅट या शब्दाने आपल्याकडे फार घोळ घातला आहे. बहुतेकांच्या मनात फॉर्मॅट म्हणजे पुसणं. "कॉम्प्युटर फॉर्मॅट मारला" असं आपण म्हणतो ते त्याच अर्थाने. पुसणं हा त्याचा परिणाम झाला. मूळ काम आहे रेघा मारणं. शाळेत एकरेघी, दुरेघी, चौकटीची अशा वह्या असायच्या, तसं. कोऱ्या डिस्कवर कुठली फाइल कुठून सुरू होते, कुठे संपते, नाव कुठे लिहायचं, याच्या रेघा आखायच्या. आता पंचाईत अशी की विंडोजवाल्यांची वही वेगळी, मॅकवाल्यांची वेगळी, लिनक्सवाल्यांची आणखी वेगळी, आणि दुसऱ्याच्या वहीत लिहायला प्रत्येकजण नाकं मुरडतो.

विंडोजची एनटीएफएस ही १९९३ पासूनची, चांगली दणकट. पण मॅक ती नुसती वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घाला. मॅकची एचएफएस प्लस १९९८ ची आणि २०१७ पासूनची एपीएफएस. या दोन्ही विंडोजला आपणहून कळत नाहीत. सगळ्यांना कळणारी जुनी म्हणजे फॅट३२. ती टीव्हीला कळते, गाडीतल्या म्युझिक सिस्टीमला कळते, कुणालाही कळते. पण तिच्यात एक फाइल चार जीबीच्या वर जात नाही. ज्या काळात ही मर्यादा घातली तेव्हा चार जीबी म्हणजे कुबेराची तिजोरी होती. आमच्या मुंजीची तासाभराची मिनी-डीव्ही टेप कॉम्प्युटरवर घेतली की १३ जीबी होते. ती फॅट३२ वर जाणारच नाही, मग डिस्क रिकामी का असेना. जुनं एक्सपी तर अशा वेळी चक्क "डिस्क भरली आहे" म्हणायचं. ऐंशी जीबी मोकळे दिसताहेत आणि हा म्हणतोय भरली! त्या एका वाक्यापायी किती जणांनी चांगल्या डिस्का दुकानात परत नेल्या असतील देव जाणे.

यातून मधली वाट म्हणजे एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली, व्हिस्टाच्या पहिल्या सर्व्हिस पॅकबरोबर २००८ मध्ये ती घरोघरच्या विंडोजवर आली, एक्सपीसाठी २००९ च्या सुरुवातीला वेगळी पुरवणी निघाली, आणि २०१० च्या अखेरीस मॅकनेही ती स्वीकारली. लिनक्सवाल्यांना मात्र बराच काळ दारात ताटकळावं लागलं. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०१९ मध्ये तिचा सगळा तपशील खुला केला आणि २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात तिचा नीट ड्रायव्हर आला. आज तिन्हीकडे ती वाचता येते, लिहिता येते, आणि चार जीबीचं बंधन नाही. ने-आणीच्या डिस्कला दुसरं काही शोधूच नये. डिस्क घरी आली की पहिल्या दिवशी, तिच्यावर एकही फाइल टाकायच्या आधी, एक्सफॅट करायची. बाजारातून येताना कुठली एनटीएफएस असते, कुठली आधीच एक्सफॅट, कुठल्या खोक्यावर "मॅकसाठी" छापलेलं असतं. तेव्हा खोक्यावरच्या भरवशावर राहू नका, उघडून बघा.

आता त्या पहिल्या दिवसाचा एवढा आग्रह का, ते सांगतो.

आमच्या इमारतीत एक काका होते. नोकरीतून निवृत्त, फोटोंचा नाद, आणि मुलाने परदेशातून आणलेला मॅक. दर रविवारी ते आपले फोटो लावत बसायचे. त्यांच्या डिस्कवर फोल्डरांची नावं अशी: "हरिहरेश्वर, पाऊस", "बाबांची शेवटची दिवाळी", "चाळीतली मंडळी, पाडण्याआधी". काका गेले. वर्षश्राद्धाला एक बरा फोटो मोठा करून घ्यावा म्हणून काकू ती डिस्क घेऊन एका दुकानात गेल्या. दुकानातल्या मुलाने ती विंडोजच्या पीसीला लावली. डिस्क मॅकच्या फॉर्मॅटची. विंडोजने आपला नेहमीचा निरोप दाखवला: ही डिस्क वापरण्याआधी फॉर्मॅट करावी लागेल, करायची का? पोराने बटण दाबलं. आणि काकूंना डिस्क परत देताना म्हणाला, "खराब झाली होती काकू, नीट करून दिलीय."

काकू माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना वाटत होतं की काकांनी शेवटी शेवटी सगळं पुसून टाकलं असावं.

बरं इतकंच की ती जुनी, तबकडी फिरणारी डिस्क होती आणि फॉर्मॅट झटपट प्रकारचा होता. त्या प्रकारात नुसत्या नव्या रेघा मारल्या जातात, खालची शाई बरीचशी तशीच राहते. (हल्लीची एसएसडी असती तर फॉर्मॅट होतानाच "आता ही जागा मोकळी" असा निरोप आत जाऊन खालचंही कायमचं गेलं असतं, अशी दाट शक्यता.) फोटोरेक नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. ते फायलींची यादी बघतच नाही, डिस्क ओळीने चाळत जातं आणि "हा फोटोसारखा दिसतोय" असं करत उचलत जातं. रात्रभर चालू ठेवलं, दुसऱ्या डिस्कवर. सकाळी हजारो फोटो परत आले. पण नावं? नावं त्या पुसलेल्या यादीत होती. प्रत्येक फोटोला नुसता एक आकडा. हरिहरेश्वर, बाबा, चाळ, सगळे एकाच ढिगात.

कॅमेऱ्याने फोटोच्या पोटात तारीख लिहिलेली असते, त्यावरून वर्षं लावता आली. त्यापुढे चार संध्याकाळी काकू माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. हा अमका, ही तमकी, हे नाशिकचं घर. बऱ्याच फोटोंशी त्या थांबायच्या. "हे यांना माहीत होतं." मग मी पुढचा फोटो काढायचो.

या प्रकाराचा दोष मी काकूंना देत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या पोरालाही निम्माच देतो. माझा राग त्या निरोपावर आहे. विंडोजला त्या क्षणी फक्त एवढंच माहीत असतं की "मला हे वाचता येत नाही". पण तो म्हणतो "फॉर्मॅट करावी लागेल". मोडी वाचता येत नाही म्हणून वाड्यातली दप्तरं बंबात घालणाऱ्यांच्या गोष्टी आपण हळहळत सांगतो. इथे तर ते बंबात घालायचं बटण हाताशीच तयार ठेवलेलं आहे. मॅकही फार साधू नाही, तोही इनिशलाइझचं बटण दाखवतोच, पण निदान आधी "मला ही वाचता येत नाही" असं कबूल करतो आणि शेजारी "बाहेर काढा" व "राहू द्या" अशी बटणंही ठेवतो. विंडोजने इतक्या आवृत्त्या काढल्या, गोल कोपरे झाले, रंग बदलले, पण हे एक वाक्य बदलायला कुणाला सवड झाली नाही.

हे असं आहे तोवर आपल्या हातात एकच: असा प्रश्न दुसऱ्याच्या मशीनला पडूच नये अशी डिस्क त्याच्या हातात देणं.

हे काही मी एकटाच म्हणतोय असं नाही. धंद्यातली माणसं असंच करतात. डिजिटल सिनेमा थिएटरात जातो तो वर्षानुवर्षं डिस्कवरून जात आला आहे, आणि त्या डिस्का लिनक्सच्या ईएक्सटी२ किंवा ईएक्सटी३ फॉर्मॅटमध्ये कराव्यात असा दंडक आहे. आतल्या आयनोडचा आकारही १२८ बाइटच ठेवा, म्हणजे जुन्या सर्व्हरलाही वाचता येईल, इथवर बारकाई. एडिटिंग मॅकवर होवो नाहीतर विंडोजवर, त्याच्याशी देणंघेणं नाही. प्रोजेक्टरच्या खोलीतल्या सर्व्हरला काय कळतं, यावर रेघा ठरतात. भाच्याला हे सांगितलं तर म्हणतो, "ते वेगळं." काय वेगळं ते सांगत नाही.

एक्सफॅटचेही दोष आहेत, ते लपवायचं कारण नाही. एनटीएफएससारखी आपल्या हालचालींची रोजनिशी ती ठेवत नाही. लिहिता लिहिता केबल ओढली गेली तर कुठवर आलो होतो याचा तिला पत्ता नसतो. शिवाय मोठ्या डिस्कवर ती जागा १२८ केबीच्या खणांनी वाटते. दोन केबीची वर्डची फाइलही पूर्ण खण अडवते. अशा हजार फाइलींना सव्वाशे एमबी गेले. म्हणून तर माझं म्हणणं आहे की ने-आणीची डिस्क निराळी आणि साठवणीची निराळी. घरात तांदळाची कोठी असते आणि ऑफिसचा डबा असतो. कोठी डोक्यावर घेऊन कुणी लोकल पकडत नाही आणि वर्षाचे तांदूळ कुणी डब्यात भरून ठेवत नाही. साठवणीची डिस्क तुमच्या मशीनला मानवेल त्या फॉर्मॅटची करा, ती घराबाहेर काढू नका, आणि तिची एक जुळी दुसऱ्या घरी ठेवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्यात अवघा ७३. तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेले सीपीयू त्या रात्री उपनगरांत किती बुडाले असतील याची गणती नाही. एकाच शहरात एवढा फरक पडत असेल, तर मुलुंडची प्रत बोरिवलीला ठेवण्यात शहाणपण आहे. आमच्याकडे आईच्या ओव्यांचं तसंच केलंय.

आता खरेदी. ने-आणीसाठी परवडत असेल तर एसएसडी घ्यावी. वेगासाठी म्हणतात, पण मी म्हणतो गर्दीसाठी. फिरत्या तबकडीवरचं हेड तिच्यापासून केसाच्याही अंशाएवढ्या अंतरावर तरंगत असतं, आणि आपण ती सॅकमध्ये घालून संध्याकाळच्या घाटकोपर स्टेशनच्या जिन्यावर उतरतो. एसएसडीत फिरणारं काही नाही, ती पडली तरी सहसा वाचते. साठवणीला मात्र मी अजून तबकडीचीच घेतो. तेवढ्याच पैशांत जागा जास्त मिळते. आणि एसएसडी वर्षानुवर्षं वीज न लावता कपाटात पडू देऊ नये.

वेगाचं गणित केबलवर अडतं, हे दुकानात कुणी सांगत नाही. यूएसबी २ वर प्रत्यक्षात सेकंदाला पस्तीसेक एमबी मिळतात; म्हणजे शंभर जीबीला पाऊण तासाच्या वर. तबकडीची डिस्क यूएसबी ३ ला लावली तर पंधरा मिनिटं. साधी एसएसडी असेल तर चारेक मिनिटं. पण तीच महागडी एसएसडी मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेल्या केबलने लावा, त्यातल्या बऱ्याच केबली आतून यूएसबी २ च्याच असतात, की परत पाऊण तास! म्हणून डिस्कबरोबर आलेली केबल डिस्कबरोबरच राहिली पाहिजे. आमच्याकडे ती रबरबँडने बांधलेली असते. ताईच्या लॅपटॉपला जुनी चौकोनी पिन आणि भाच्याच्या मॅकला नवी छोटी, त्यामुळे एक जोडणीचा तुकडाही त्याच रबरबँडात. परत दुसऱ्याची सोय!

आणि सोळा टीबीची डिस्क कुणी पेन ड्राइव्हच्या भावात विकत असेल तर तिकडे बघूही नका. आत बत्तीस-चौसष्ट जीबीची चिप असते आणि कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. तुम्ही कॉपी करता, ती "झालं, झालं" म्हणते, आणि आधीच्याच जागेवर परत लिहीत बसते. पडताळायला विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅक-लिनक्सवर एफ३ अशी फुकट सॉफ्टवेअरं आहेत. डिस्क पूर्ण भरून, परत वाचून खरं-खोटं सांगतात. वेळ जातो, पण नवी डिस्क आली की मी हे एकदा करतोच. एक टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ दाखवतं त्याला मात्र फसवणूक म्हणू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. मॅकने २००९ पासून कंपनीचं माप धरलं. त्यामुळे एकच डिस्क अंधेरीत हजाराची दिसते आणि बोरिवलीला ९३१ ची, आणि ताई विचारते, "याने मधल्या मध्ये काय काढून घेतलं?"

प्रत्यक्ष फॉर्मॅट करणं दोन मिनिटांचं काम. विंडोजवर डिस्कच्या चित्रावर उजवं बटण, फॉर्मॅट, यादीतून एक्सफॅट, खणाचा आकार आहे तो राहू द्या, झटपटची खूण राहू द्या. मॅकवर डिस्क युटिलिटी उघडा, पण आधी व्ह्यू मेनूतून "सगळी उपकरणं दाखवा" करा आणि सगळ्यात वरची ओळ निवडा, तिच्या पोटातली नको. मग इरेज, एक्सफॅट, आणि स्कीममध्ये जीयूआयडी. जुना टीव्ही किंवा एक्सपीचं मशीन गिऱ्हाईक असेल तर तिथे एमबीआर करावं. पण मग दोन टीबीच्या वर जाता येत नाही. दोन्हीकडे हात ठेवण्याआधी डिस्कचं नाव आणि आकार परत वाचा. शेजारी तुमची साठवणीची डिस्क लावलेली असेल तर ती काढून ठेवा, उगाच शौर्य नको. नाव द्यायला अकरा चिन्हांची मर्यादा आहे, देवनागरी चालतं. आमच्या डिस्कचं नाव "नेआण".

फाइलींची नावं हा आपल्या मराठी माणसांचा खास विषय आहे. खुशाल मराठीत द्या, पण दोन-तीन गोष्टी सांभाळा. प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, उभी रेघ, तिरकी रेघ ही विंडोजला नावात चालत नाहीत. लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. "चि. अमुक याच्या मौजीबंधनाचे चलच्चित्रण भाग पहिला" छापाची लांब नावं घेऊन तिथे गेलात तर कुठेतरी अडकाल. आणि तिसरी गंमत आपल्या "ऱ" ची. "साताऱ्याची सहल" मधला तो अर्धा ऱ. युनिकोडमध्ये तो एक अखंड अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि र खाली नुक्ता असा दोन तुकड्यांतही. मॅकची जुनी एचएफएस प्लस त्याचे दोन तुकडे करून ठेवायची. डोळ्यांना फरक शून्य. पण दुसरीकडे नेऊन जुळणी करणारं सॉफ्टवेअर लावलं की साताऱ्याच्या दोन सहली! मी अर्धा दिवस त्या दोन फोल्डरांकडे टक लावून बघत होतो.

कुलूप लावावं का, हा प्रश्न गाडीत डिस्क हरवण्याच्या भीतीने बरेचजण विचारतात. विंडोजचं बिटलॉकर अख्ख्या डिस्कला कुलूप लावतं, पण ते मॅकवर उघडत नाही आणि पासवर्ड विसरून वर ४८ आकडी किल्लीही हरवली की तुम्हीही बाहेर. माझं मत, पिशवीला कुलूप नको, आतल्या पाकिटाला लावा. आधार, पॅन, बँकेचं काही असेल तेवढं पासवर्डच्या झिपमध्ये बांधा. मुंजीचा व्हिडिओ कुणी चोरून पाहिला तर बिचाऱ्याला दोन तास पंगतच बघावी लागेल.

मॅकला लावून आलेल्या डिस्कवर टिंबाने सुरू होणाऱ्या चिमुकल्या फाइलींचा सडा पडलेला असतो. ताईला दर वेळी वाटतं व्हायरस आला. विंडोज स्वतःचं एक फोल्डर सोडून जातं, ते भाच्याला खुपतं. पाहुणा येऊन गेला की पायपुसण्यावर माती दिसायचीच.

डिस्कच्या पाठीवर मी पांढरी पट्टी चिकटवून पक्क्या पेनाने लिहिलंय: "एक्सफॅट. मॅक-विंडोज दोन्हीकडे उघडते. फॉर्मॅट करा म्हणालं तर करू नका, फोन करा." खाली माझा नंबर. ताईचा असा फोन एकदा आला होता, गेल्या गणपतीत. तिने दुसऱ्याच कुणाची डिस्क लावली होती, भाच्याच्या मित्राची, मॅकची. "अरे, हा विचारतोय फॉर्मॅट करू का, मी नाही म्हटलंय, आता?" म्हटलं, आता काढून ठेव. तर म्हणाली, "काढलीच." इजेक्ट न करता, अर्थातच.